१० पीएस जास्त, तरी मागे: उरुस विरुद्ध कायेन टर्बो जीटी

हा एपिसोडचा लिहून काढलेला मजकूर आहे. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, आणि आकडेमोड जरा सविस्तर टाकली आहे, कारण कानाने आकडे ऐकणं अवघड जातं.

सुरुवात एका कबुलीने करतो. मागच्या प्रश्नोत्तरांच्या एपिसोडमध्ये एकाने विचारलं होतं की लॅम्बोर्गिनी उरुस आणि पोर्शे कायेन टर्बो जीटी शेजारी-शेजारी उभ्या केल्या, तर शंभरचा वेग आधी कोण गाठेल? मी चहाचा घोट घेत, काहीही न तपासता म्हणालो, "उरुस. तिला ६५० पीएस, हिला ६४०. विषय संपला."

विषय संपला नव्हता. दोन दिवसांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेज करून मला कंपन्यांचेच आकडे दाखवले. शून्य ते शंभर किलोमीटर प्रतितास: उरुस ३.६ सेकंद, कायेन टर्बो जीटी ३.३ सेकंद. म्हणजे पॉवर कमी असलेली गाडी पुढे, आणि तीही ०.३ सेकंदाने. ऐकायला हे काहीच वाटत नाही, पण या वर्गातल्या गाड्यांमध्ये एवढा फरक म्हणजे दुसरीच्या आरशात तुम्ही दिसायला लागता.

चूक एवढ्यावरच राहिली असती तर मी कमेंटमध्ये 'सॉरी' लिहून मोकळा झालो असतो. पण नाशिकहून माझ्या मावसभावाचा फोन आला. त्याच्याकडे चार वर्षं जुनी टर्बो-पेट्रोल हॅचबॅक आहे. एका गॅरेजवाल्याने त्याला इंजिनचं रीमॅप करून २० बीएचपी वाढवून देतो म्हणून सांगितलंय, खर्च ३० हजार. मी म्हटलं, "टायर बघितलेस का तुझे? ४५ हजार किलोमीटर झालेत." तर हा म्हणतो, "दादा, तूच बोललास ना पॉडकास्टमध्ये, पॉवर जास्त ती पुढे. टायर नंतर बघू." हा माणूस दर शनिवार-रविवारी कसारा घाट उतरतो. तेव्हा ठरवलं की या दोन गाड्यांचा हिशोब नीट मांडायचा.

आधी या दोघींची ओळख करून देतो. उरुस म्हटलं की आपल्याकडे दर्ग्याची जत्रा डोळ्यांसमोर येते. लॅम्बोर्गिनीने मात्र हे नाव एका नामशेष झालेल्या रानटी बैलावरून घेतलंय, आपल्या गाई-बैलांच्या पूर्वजावरून. गाडी डिसेंबर २०१७ मध्ये जगासमोर आली आणि जानेवारी २०१८ मध्ये भारतात, तेव्हाची एक्स-शोरूम किंमत ३ कोटी. कायेन टर्बो जीटी जून २०२१ ची. (नंतर तिचं सुधारित मॉडेल आलं, आज आपण २०२१ चंच धरतोय.)

गंमत म्हणजे या दोघी बहिणी आहेत. दोन्ही कंपन्या फोक्सवॅगन ग्रुपच्या. दोन्ही गाड्या एमएलबी इव्हो या एकाच प्लॅटफॉर्मवर उभ्या आहेत. इंजिन एकाच घराण्यातलं: चार लिटरचं व्ही-८, दोन टर्बो. टॉर्क दोघींचा ८५० न्यूटन-मीटर, अगदी सारखा. गिअरबॉक्स दोघींचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक. वजन दोघींचं २,२०० किलोच्या आसपास. चारही चाकांना ताकद, मागची चाकंही वळणारी, पुढे ४४० मिलिमीटरच्या कार्बन-सिरॅमिक डिस्क. ब्रोशर शेजारी ठेवले तर फरक शोधावा लागतो. आणि जो ठळक फरक सापडतो, १० पीएसचा, तो उरुसच्या बाजूने आहे.

मग ०.३ सेकंद आले कुठून?

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे एखादी सिस्टीम हळू चालत असली की नवीन शिकाऊ मुलगा पहिलं काय सुचवतो? मोठा सर्व्हर घ्या. आणि सिनियर विचारतो, अडतंय कुठे ते मोजलंस का? डेटाबेस अडवत असेल तर सर्व्हर दुप्पट करून उपयोग शून्य. मी त्या एपिसोडमध्ये शिकाऊ मुलासारखं उत्तर दिलं. आता मोजून बघू.

ड्रायव्हर धरून गाडी २,३०० किलो समजा. शंभरचा वेग म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. शाळेतलं सूत्र, अर्धा एम व्ही-वर्ग. उत्तर येतं साधारण ८ लाख ९० हजार ज्यूल. एवढी ऊर्जा ३.३ सेकंदांत गाडीत भरायची, म्हणजे सरासरी २६९ किलोवॅट. पीएसमध्ये सांगायचं तर ३६५.

थांबा. इंजिन आहे ६४० पीएसचं. मग गाडी ३६५ वरच कशी काय धावली? हवेचा अडथळा आणि गिअरबॉक्समध्ये वाया जाणारी ताकद धरली तर आकडा वाढेल, पण तरी ६४० पासून लांबच राहील. म्हणजे एवढं मोठं इंजिन या स्पर्धेत बराच वेळ पूर्ण ताकदीने कामच करत नाहीये. त्याला कोणीतरी अडवून धरलंय.

बंद पडलेल्या गाडीला धक्का तुम्ही मारलाच असेल. सुरुवातीला जोर लावूनही गाडी हलत नाही. चप्पल घातलेली असेल आणि रस्ता ओला असेल तर गाडीऐवजी आपणच मागे घसरतो. त्या क्षणी तुमच्या दंडात किती ताकद आहे हा प्रश्नच नसतो, चप्पल किती पकडते हा प्रश्न असतो. एकदा गाडीने वेग घेतला, की मग दम लागतो, आणि तिथे खरी ताकद कळते.

या दोन एसयूव्हींचं अगदी तेच होतं. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल मिळून इंजिनचा टॉर्क दहा पटींहून जास्त वाढवतात. ८५० चे झाले ८,५०० च्या वर. चाकाची त्रिज्या साधारण ३८ सेंटिमीटर, म्हणजे रस्त्यावर ढकलणारा जोर २२ हजार न्यूटनच्याही पुढे. आता टायर किती पेलणार? चांगला टायर, कोरडा रस्ता, घर्षणाचा गुणांक १ धरला तर २,३०० किलोच्या गाडीला जास्तीत जास्त २२,५०० न्यूटन. त्यापुढे चाक जागेवर फिरतं, धूर निघतो, रील छान होतो, गाडी पुढे जात नाही. म्हणून कॉम्प्युटर इंजिनला आवरून धरतो.

कुठपर्यंत? चाकापर्यंत पोहोचणारी ताकद ४०० किलोवॅट धरली (१५ टक्के वाटेत गेले) तर भागाकार करून उत्तर येतं सेकंदाला १७.८ मीटर, म्हणजे ताशी ६४ किलोमीटर. तोपर्यंत टायर ठरवतो. त्यानंतर इंजिन ठरवतं. आणि ६४ पर्यंत पोहोचायला पावणेदोन-दोन सेकंद लागतात. म्हणजे ३.३ पैकी निम्म्याहून जास्त वेळ इंजिन नुसतं वाट बघत असतं.

मग मी रविवारी वीस-पंचवीस ओळींचा एक पायथन प्रोग्रॅम लिहिला. अगदी बाळबोध. ठरावीक वेगापर्यंत टायरची मर्यादा, पुढे पॉवरची मर्यादा, बस. गिअर बदलण्याचा वेळ नाही, वारा नाही. त्यात पकड ०.८ टाकली: शंभर गाठायला ३.६३ सेकंद. पकड ०.९ टाकली: ३.३३ सेकंद. पकड १ टाकली: ३.१२. आता पकड ०.९ वरच ठेवून इंजिनला १० पीएस जास्त दिले. फरक पडला किती? सेकंदाचा पन्नासावा भाग. ०.०२. डोळ्याची पापणी लवायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

३.६३ आणि ३.३३ हे आकडे कंपन्यांच्या आकड्यांच्या इतके जवळ आले हा निव्वळ योगायोग समजा, माझ्या प्रोग्रॅमला नोबेल देऊ नका. पण प्रमाण बघा. पकडीत थोडासा फरक केला तर ०.३ सेकंद, पॉवरमध्ये १० पीएसचा फरक केला तर ०.०२.

आता पोर्शेने टर्बो जीटीमध्ये काय केलंय ते या नजरेने वाचलं की सगळं जागेवर बसतं. तिला २२ इंची चाकांवर पिरेलीचे पी झीरो कोर्सा टायर मूळ फिटिंगमध्येच येतात, आणि ते खास याच गाडीसाठी बनवलेले आहेत. कोर्सा म्हणजे इटालियनमध्ये शर्यत. साध्या भाषेत सांगायचं तर मऊ, चिकट, लवकर झिजणारा टायर. गाडी साध्या कायेन टर्बोपेक्षा १७ मिलिमीटर खाली बसवलेली. छत कार्बन फायबरचं. गिअरबॉक्स जास्त झटपट गिअर बदलणारा, आणि चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसला पाण्याचं कूलिंग. हे सगळं इंजिनच्या पलीकडचं काम आहे, इंजिन आणि रस्ता यांच्या मधलं.

मध्येच एक गोष्ट सांगायची राहिली. गाडी इतक्या जोरात सुटते तेव्हा वजन मागे सरकतं, साधारण एकूण वजनाचा पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवरून उठून मागच्यांवर जातो. बाइकचं पुढचं चाक उचलतं ना, तोच प्रकार, फक्त इथे चाक उचलत नाही. त्यामुळे ताकद पुढे किती आणि मागे किती, हे क्षणाक्षणाला ठरवावं लागतं. उरुसमध्ये हे काम टॉरसेन डिफरन्शियल करतं. ते यांत्रिक असतं, नेहमीची वाटणी पुढे ४०, मागे ६०, आणि गरजेनुसार मागे ८७ टक्क्यांपर्यंत. कायेनमध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेला अनेक प्लेटांचा क्लच आहे. दोन्ही उत्तम आहेत. यात सरस कोण, यावर इंटरनेटवर लोक एकमेकांचे कपडे फाडतात, मी त्यात पडत नाही.

माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा पोर्शेकडे नाही, लॅम्बोर्गिनीच्याच घरात आहे. २०२२ मध्ये त्यांनी दोन नवीन उरुस काढल्या. उरुस एस: इंजिन ६६६ पीएस, म्हणजे मूळपेक्षा १६ जास्त. वेळ ३.५ सेकंद. सोळा पीएस ओतून मिळालं काय, तर ०.१. दुसरी उरुस परफॉर्मांते: इंजिन तेच ६६६ पीएस. पण वजन ४७ किलो कमी, गाडी २० मिलिमीटर खाली, एअर सस्पेन्शन काढून स्टीलच्या स्प्रिंग, आणि हवे असल्यास रेस ट्रॅकच्या तोडीचे ट्रोफेओ आर टायर. वेळ ३.३ सेकंद. एकच इंजिन, दोन निकाल.

आणि २०२४ ची उरुस एसई तर कळसच. हायब्रिड. व्ही-८ आणि इलेक्ट्रिक मोटर मिळून ८०० पीएस, टॉर्क ९५० न्यूटन-मीटर. बॅटरीमुळे वजन अडीच टनांपर्यंत गेलं, तरी किलोमागे पॉवर जुन्या उरुसपेक्षा जास्तच आहे. शून्य ते शंभर? ३.४ सेकंद. ८०० पीएसची गाडी ६४० पीएसच्या गाडीच्या मागे. मी मागच्या वेळी दिलेलं उत्तर इथे पार उताणं पडतं.

पण उरुसवर अन्यायही नको. पॉवर कुठेच कामाला येत नाही असं नाहीये. ६४ च्या पुढे जसजसा वेग वाढतो तसतशी टायरची चिंता संपते आणि हवा आडवी येते. हवेशी झुंजायला लागणारी ताकद वेगाच्या घनात वाढते. उरुसचा टॉप स्पीड ३०५, कायेन टर्बो जीटीचा ३००. इथे ती पुढे आहे. अर्थात घनमुळाचा हिशोब केला तर १० पीएसने ३०० चे जेमतेम ३०१ किंवा ३०२ होतात, सगळे पाच किलोमीटर त्यातून येत नाहीत. माझ्या मते बाकीचा वाटा बॉडीच्या आकाराचा. टर्बो जीटीचा मागचा पंख गाडीला रस्त्यावर दाबून ठेवण्यासाठी आहे, कमाल वेगाला तो ४० किलोपर्यंत दाब वाढवतो, आणि त्याची किंमत टॉप स्पीडमध्ये मोजावी लागते. तो पंख कशासाठी आहे हे जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगवर दिसलं. २०.८ किलोमीटरची ती वळणावळणांची फेरी लार्स कर्न या टेस्ट ड्रायव्हरने या गाडीतून ७ मिनिटं ३८.९ सेकंदांत मारली. सरासरी ताशी १६३. एसयूव्हीमध्ये. हे ऐकून मला अजूनही हसू येतं.

आता तुम्ही म्हणाल, "पण मी अमुक रीलमध्ये उरुसला जिंकताना बघितलंय." बघितलं असेल. रीलवर विश्वास ठेवण्याआधी तीन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली, अमेरिकन आकडे. ते शून्य ते ६० मैल मोजतात, म्हणजे ९६.६ किलोमीटर, शंभर नाही. शिवाय तिथल्या ड्रॅग रेसिंगच्या परंपरेमुळे बरेच जण गाडी पहिला एक फूट हलल्यावर घड्याळ सुरू करतात. एक फूट म्हणजे काय मोठं, असं वाटेल. या वेगवाढीत तो फूट कापायला पाव सेकंदाहून जास्त लागतो. म्हणजे आपण ज्या ०.३ सेकंदावर एवढं बोलतोय, तेवढा वेळ नुसत्या मोजायच्या पद्धतीत गडप होऊ शकतो. एका गाडीचा अमेरिकन आकडा आणि दुसरीचा युरोपियन आकडा शेजारी ठेवणारे व्हिडिओ मी स्वतः बघितलेत.

दुसरी, डॅशबोर्डचा व्हिडिओ. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नाही असा नियम असतो, थोडं जास्त दाखवलं तर चालतं. म्हणून सगळ्या कंपन्या जास्तीच्या बाजूला राहतात. काटा शंभरवर जातो तेव्हा गाडी शंभरवर असतेच असं नाही.

तिसरी तुमच्या-माझ्या खिशातली, फोन. बहुतेक फोनचा जीपीएस सेकंदाला एकदा वेग सांगतो. ३.३ सेकंदांत तुम्हाला मिळतात तीन-चार ठिपके. ॲप त्यांच्यामधून रेषा काढतं आणि स्क्रीनवर ऐटीत '३.४७' लिहितं. दशांशानंतरचे ते दोन अंक ॲपने अंदाजाने भरलेले असतात. गंभीरपणे चाचणी करणारे लोक सेकंदाला १० किंवा त्याहून जास्त वेळा मोजणारं वेगळं उपकरण लावतात. आणि हो, हे प्रयोग समृद्धीवर करू नका. तिथे कारला मर्यादा १२० ची, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर १०० ची. या दोन्ही गाड्यांना तिथे करण्यासारखं काम काही सेकंदांतच संपतं.

आता पुन्हा मावसभावाकडे. त्याला मी हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "दादा, माझी गाडी कुठे ६४० पीएसची आहे? माझे टायर कुठे घसरतात?" मुद्दा बरोबर होता. ११०-१२० बीएचपीच्या हॅचबॅकला कोरड्या रस्त्यावर टायरची मर्यादा फार तर पहिल्या गिअरमध्ये जाणवते. पिकअपचा विचार केला तर त्याला रीमॅपमधून खरंच फरक पडला असता.

म्हणून मी त्याला उरुसचा एक वेगळा आकडा सांगितला. शंभरवरून पूर्ण थांबायला ३३.७ मीटर. वेळ काढला तर साधारण २.४ सेकंद. म्हणजे ६५० पीएसची गाडी शंभर गाठायला ३.६ सेकंद घेते आणि शंभरवरून थांबायला २.४. थांबताना इंजिनचा काही संबंध नाही, तरी ती जास्त वेगाने थांबते. कारण ब्रेक तर कुठल्याही चांगल्या गाडीचे चाक अडवण्याइतके ताकदवान असतातच. बाकी सगळं टायरवर. आणि हे गणित त्याच्या हॅचबॅकलाही तसंच लागू आहे, कारण या सूत्रात वजन दोन्ही बाजूंनी कटतं.

घाटात ६० च्या वेगाने उतरतोयस असं समज, मी म्हटलं. कोरडा रस्ता, बरे टायर, पकड ०.८. ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण १८ मीटरमध्ये थांबेल. आता पाऊस, नक्षी झिजलेले टायर, पकड निम्मी झाली. अंतर दुप्पट. ३५ मीटर. मधले १७ मीटर म्हणजे एकामागे एक लावलेल्या चार गाड्या. उतार अजून धरलाच नाही. वाढवलेले २० बीएचपी त्यातला एक सेंटिमीटरही कमी करत नाहीत.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग विचारलं, झिजलेत हे कसं कळतं? तुम्हीही बघून घ्या: टायरच्या खाचांमध्ये मध्ये-मध्ये रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. त्यांची उंची १.६ मिलिमीटर. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. त्याच्या पुढच्या दोन टायरांवर उंचवटे आणि नक्षी एकसारखी सपाट होती. त्याने फोटो पाठवला, मी मावशीला फॉरवर्ड केला. हे जरा खालच्या पातळीचं राजकारण झालं, मान्य आहे, पण चालून गेलं.

चार टायर, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग धरून २४ हजार लागले. मागच्या शनिवारी बसवले. परवा त्याचा मेसेज आला: "दादा, आता पकड आहे. आता अडतंय इंजिन. मग रीमॅप करू ना?"

माझंच तर्कशास्त्र माझ्यावर उलटवलंय पोराने, आणि उत्तर सोपं नाहीये. वॉरंटी, इन्शुरन्स, क्लचचं आयुष्य, गिअरबॉक्स किती टॉर्क सहन करतो, बरंच काही त्यात येतं. पुढच्या एपिसोडमध्ये रीमॅपच घेऊ. तोपर्यंत तुमच्यापैकी कोणी केलं असेल तर अनुभव कमेंटमध्ये टाका, गाडी कोणती आणि किती किलोमीटर झालेत ते लिहा. यावेळी आकडे तपासून बोलेन.